दोघींचा एकच अर्ज

आक्काची बोटं सुजायला लागली तेव्हा ती सासरी होती. सकाळी तिला भाकर थापता येत नसे. ऊन अंगणात उतरलं की हात सुटत. वर्षभरानं सासरच्यांनी तिला अनसिंगला आमच्याकडे आणून सोडलं. तोवर माझ्या ओठांवर अन् मनगटांवर कोड उठलं होतं, दोन सोयरिकी त्यापायी मोडल्या होत्या. माय रोज देवाला विचारायची, आमचं काय चुकलं?

आमचा भाग मुंबई राज्यात गेला अन् नागपूर राजधानी राहिलं नाही, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नागपूरचे एक डॉक्टर वाशीमला आठ दिवसांसाठी आले. मी आक्काला घेऊन गेले आणि पदर तोंडावर ओढून भिंतीशी उभी राहिले. तिची बोटं तपासून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला काही?"

आक्कानं माझा पदर खाली ओढला. "हिले पाहा."

ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आपलं रक्तच कधी आपल्या अंगाला परकं समजून त्यावर उलटत असावं, असं काही डॉक्टरांना वाटू लागलंय. तुमच्या दोघींत कदाचित एकच गोष्ट घडत असेल. खात्री नाही. शोधावं लागेल."

"मंग शोधा ना."

"पैसा लागतो, बाई. सांध्यांसाठी मागितला तर मिळेल, कातडीसाठीही मिळेल. दोन्ही मिळून म्हटलं की देणारे गोंधळतात."

तरी त्यांनी दोन्ही दुखण्यांसाठी मिळून सरकारकडे अर्ज केला. सोबत आमची हकीकत जोडली. आक्कानं सांगितली, मी लिहिली. अर्ज नामंजूर होऊन परत आला.

मग मंगरूळपीरचे, कापूस पिंजायचा जिन चालवणारे एक शेटजी पैसा द्यायला तयार झाले. त्यांच्या सुनेचे सांधे धरले होते. डॉक्टर त्यांना आमच्या घरी घेऊन आले. शेटजी म्हणाले, "सांध्यांचं पाहू. कोडाचं आपल्याले काय करायचं?"

आक्का उठून बसली. "सासरहून आली तवापासून मी हिच्या हातची भाकर खातो. एका मायच्या आहो आमी. मले तपासान अन् हिले बाहेर उभं करान, तर माझंही रक्त नका घेऊ."

मला रडू आवरेना. शेटजींनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. मग म्हणाले, "माह्या सुनेच्या पाठीवरही पांढरं आहे. आमी कोणाले सांगत नाही." अन् डॉक्टरांकडे वळून, "दोघींचंही घ्या."

वर्षभर काम चाललं. मी डॉक्टरांसोबत आमच्या वाशीमकडच्या मालेगावपर्यंतच्या गावांत हिंडले. बायका त्यांच्यापुढे बोलत नसत. माझे हात पाहिले की बोलत. शेवटी डॉक्टरांचं पत्र आलं: वाटलं होतं त्याहून जास्त घरांत दोन्ही दुखणी सापडली, पण कारण हाती लागलं नाही, आणि पैसा संपला.

आक्काची बोटं वाकडीच राहिली, माझं कोड गळ्यापर्यंत चढलं. पत्र ऐकून तिनं विचारलं, "पुढं कोणी पाहीन काय?"

"पाहीन कोणी," मी म्हणाले. मला काहीच ठाऊक नव्हतं. मायनं मात्र पत्रातली 'जास्त घरांत' ही ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली, आणि त्यानंतर आमचं काय चुकलं, असं तिनं देवाला विचारल्याचं मी ऐकलं नाही.