एका नळीत दोन धामणी

पांढुर्ण्यात मी साप धरतो. माझा आवाज ऐकून निम्मे साप आपणहून पिशवीत शिरतात, सौंसरपर्यंत कुणालाही विचारा. पण नागपूरला संशोधन करणाऱ्या भाचीनं मला ज्या कोड्यात टाकलं, त्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

तिला धामणीच्या जनुकांचा पहिला पूर्ण नकाशा बनवायचा होता. मशीन रक्तातला मजकूर तुकड्यातुकड्यांत वाचते आणि ती ते तुकडे जुळवते, एवढं मला समजलं. वनखात्याची परवानगी आली. रामाकोन्याच्या संत्राबागेत मी दोन धामणी धरल्या. एकीचं शेपूट बागेत होतं तेव्हा डोकं सौंसरच्या बाजारात होतं. गुरांच्या डॉक्टरांनी दोघींचं थोडं थोडं रक्त दोन वेगळ्या नळ्यांत दिलं, एक नळी नकाशासाठी, एक राखीव. धामणी तिथंच सोडल्या.

बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. उघडून पाहिलं तर दोन्ही नळ्या अर्ध्या! भाचीच्या दारी अर्धी नळी घेऊन जायचं? आमच्या घरी डेअरीला जाताना दोन गायींचं दूध एकाच केटलीत ओततात. मीही ओतलं. नळी कशी गच्च भरली!

काही महिन्यांनी तिचा फोन.

"मामा, हे काय होऊन राहिलं? एका जागी आईची एक आन् बापाची एक, अशा दोनच नकला याले पायजेत. इथं चार-चार येऊन राहिल्या. तुकडे जुळूनच नाही राहिले."

"आपल्या इकडच्या धामणी हायेत बाई. असतील दोन-दोन बाप."

"मामा! माझं वर्ष चाललं वाया. मशीन चुकली का मी, तेच नाही समजून राहिलं."

मलाही समजेना. हेही लाल, तेही लाल. मशीनला दोघी वेगळ्या दिसल्या कशा? पण पोरगी स्वतःलाच दोष देऊ लागली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, केटलीसकट.

"आता तरी गप्पा नका हाणू, मामा."

जन्मात एकदा खरं बोललो, तर हे! जामसांवलीच्या हनुमानाची शपथ घेतली, तेव्हा कुठं तिला पटलं. आधी रडली, मग माझ्यावर इतकी ओरडली की फोन तापला.

पुन्हा परवानगी काढून ती स्वतःच बागेत आली. मी एक धामण धरली. ती पहिली का दुसरी, देव जाणे. डॉक्टरांनी रक्त काढलं; नळी अर्धीच राहिली. माझे हात शिवशिवले. त्यांत साप होता म्हणून निभावलं.