पिण्यास योग्य

सासुरवाडीच्या पहिल्याच मोठ्या मुक्कामात जावयाने सासऱ्यांचं दोन पिंपं पाणी ओतून दिलं, आणि वर शाबासकीची वाट बघत बसला.

त्याचं झालं असं. सासू-सासरे दोन दिवस नातेवाइकांकडे गेले होते. घर राखायला लेक आणि नवा जावई. लेक ऑफिसला गेली, जावयाला सुट्टी. रिकाम्या जावयाइतका घरात दुसरा धोका नाही. हिंडत हिंडत तो मागच्या पडवीत पोचला. तिथे दोन निळी पिंपं होती. तोंडाला जाळी बांधलेली, आत काठोकाठ पाणी, पाण्यावर धुळीची पातळ साय. त्याने मनाशी निकाल दिला की पाणी शिळं झालंय, डास होणार. दोन्ही पिंपं आडवी केली, काथ्या घेऊन आतून घासली, नळाचं ताजं पाणी भरलं आणि जाळी आधीपेक्षा घट्ट बांधली. बायकोलाही सांगितलं नाही. चांगलं काम आपण होऊन कुणाच्या तरी नजरेला यावं, असा त्याचा स्वभाव.

पाणी शिळं नव्हतं. शिळवलेलं होतं.

बैठकीच्या खोलीत जेवणाच्या टेबलाएवढी लांब काचपेटी होती. आत समुद्र. म्हणजे खारं पाणी, छिद्राछिद्रांचे दगड, चार-पाच मासे, आणि मधोमध एक प्रवाळ, ज्याला सगळं घर ‘म्हातारी’ म्हणे. प्रवाळ म्हणजे अंगठीतला खडा एवढंच जावयाला माहीत. हे प्रकरण मात्र जिवंत होतं. दोन ओंजळींएवढी पिवळट टोपी, आणि तिच्यावर शेकडो बारीक बोटं, पाण्याच्या झोताबरोबर डोलणारी. खुशीत असली की बोटं बाहेर. बिनसलं की सगळी आत, आणि अंगावर मेणासारखी बुळबुळीत पापुद्र्याची चादर.

सासरे परत आले, चपला काढल्या, आणि माणसांची चौकशी करण्याआधी पेटीची केली. पाणी आटून दोन बोटं खाली गेलं होतं. त्यांनी पिंपातल्या दोन बादल्या आणून हळूहळू आत सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीने एकूण एक बोट मिटून घेतलं होतं.

चहाच्या वेळेपर्यंत जावयाच्या डोक्यात उजेड पडला.

“बाबा, ती पिंपं... मी परवाच ताजी भरली.”

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं बोललात. नाहीतर माझ्याच फरशीच्या फिनेलचं नाव येणार होतं.”

“जावईबापू,” सासरे शांतपणे म्हणाले, “ताजं पाणी माणसांना. हिला चार दिवस उघडं ठेवलेलं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, तो जंतू मारतो. ही बया जंतूंपेक्षा फार मोठी नाही. चार दिवसांत क्लोरिन उडून जातो, मग पाणी तिचं.”

“मला वाटलं डास होतील.”

“म्हणून तर जाळी.”

एवढ्यावर विषय संपला. आवाज चढला असता तर जावयाला बरं वाटलं असतं.

सासऱ्यांना गावात अजूनही पाणीवाले साहेब म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. रोज सकाळी गावातल्या नऊ नळांवरून बाटल्या येत. साहेब आधी वास घेत, मग घोट, मग नळ्या आणि औषधं. नुसत्या घोटावर सांगत, ‘आज नदीचं जास्त, विहिरीचं कमी.’ शेवटी कागदावर निळा शिक्का: पिण्यास योग्य. जावयाची बायको सांगे, लहानपणी ती शाळेतून परस्पर तिकडे जायची. काचेच्या नळ्यांवर ऊन पडलेलं असायचं आणि बाबा तिच्या पाटीवरही तो शिक्का मारून द्यायचे. म्हातारी घरी आली ती त्याच दिवसांत, अंगठ्याच्या पेराएवढी. बायकोचे दुधाचे दात पडत होते. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा ओढल्या जात, एक लेकीची, खाली एक म्हातारीची. बारा वर्षांच्या रेघा अजून चौकटीवर होत्या. त्या दाराला रंग लावायला आलेल्या रंगाऱ्याला सासूबाईंनी चौकट सोडून बाकी सगळं रंगवायला लावलं होतं.

अशा माणसाच्या घरात पाण्याचं यंत्र शिरणं शक्यच नव्हतं. सासूबाई वीस वर्षं स्वयंपाकघरासाठी फिल्टर मागत होत्या. शेजारीपाजारी सगळ्यांकडे आला. सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं. “मी ज्याच्यावर सही केली ते पाणी मीच गाळून प्यायचं? गावाला काय सांगू?”

पिंपं पुन्हा भरली. या वेळी जावई रोज सकाळी जाऊन त्यांना नुसता बघून यायचा, हात मागे बांधून. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी जुन्या लाकडी पेटीतून काचेची नळी काढली, पिंपातलं पाणी घेतलं, त्यात गोळी टाकली. क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं. झालं नाही. पाणी पेटीत गेलं.

म्हातारी मिटलेलीच राहिली. कडेने आता एक करडा डाग दिसू लागला होता.

तेव्हा बायको म्हणाली, “बाबा, खरं सांगू? यांच्या पिंपांच्या आधीपासूनच ती अर्धी मिटलेली असते. वर्ष झालं. तुम्ही म्हणायचात, वय झालं.”

जावयाला एका वाक्यात अर्धा गुन्हा माफ झाला. पण सासऱ्यांचा चेहरा बघून त्याला तो परत घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सासरे आणि जावई पिंपातल्या पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेले. खिडकी तीच, असं सासरे म्हणाले. टेबल बदललं होतं. तिथल्या केमिस्टबाई कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि साहेबांसमोर परीक्षा द्यावी तशी नळी धरली.

पहिली गोळी टाकली. रंग नाही.

“मी हेच केलं घरी,” सासरे म्हणाले.

“साहेब, आता आम्ही दुसरी पण टाकतो.”

दुसरी गोळी विरघळली आणि चार दिवस उन्हावाऱ्यात उघडं ठेवलेलं पाणी हळूहळू गुलाबी झालं.

चहा आला, तो तसाच राहिला.

“कधीपासून?”

“सव्वा वर्ष. गाव लांबवर पसरलं ना, जुना क्लोरिन शेवटच्या नळापर्यंत टिकत नव्हता. मग त्यात बेताने अमोनिया घालायला लागलो. दोघं एकमेकांना धरून राहतात, उडत नाहीत. पिंपात आठवडाभर ठेवा, तरी तिथेच. पहिल्या गोळीला ते दिसत नाहीत.” बाईंनी नळी स्टँडवर ठेवली. “माणसांना काही अपाय नाही हं. शिक्का तुमचाच वापरतो अजून.”

“मला कुणी सांगितलं नाही,” सासरे म्हणाले. तक्रार नव्हती. घरातल्या लग्नाची पत्रिका शेजाऱ्याकडून हातात पडावी, तसा स्वर होता.

बाहेर आल्यावर ते बराच वेळ स्कूटरजवळ उभे राहिले. जावयाला वाटलं, चावी विसरली.

“म्हणजे सव्वा वर्ष मी तिला रोज तेच घालतोय,” ते म्हणाले. “तुम्ही एकदाच घातलंत.”

मग म्हणाले, “चला, मासेवाल्याकडे.”

मासेवाल्याच्या दुकानात शोभेच्या माशांच्या पेट्यांमुळे पाऊल ठेवायला जागा नव्हती. याच माणसाच्या वडिलांनी म्हातारीचा पहिला तुकडा दिला होता. त्याने आधी एक बाटली पुढे केली. “चार थेंब टाका, क्लोरिन खलास.”

“आणि अमोनिया? तो कुठे जाणार?”

मासेवाल्याने बाटली निमूटपणे मागे घेतली. मग स्वयंपाकघराचं चकचकीत यंत्र काढलं. सासऱ्यांनी पाठीवरचा कागद वाचला. “हे चव यावी म्हणून क्षार परत घालतं. तिला चव नकोय, कोरं पाणी हवंय. मीठ मी घालीन, तिचं तिला.”

तिसरी नुसतीच राळेच्या मण्यांची नळी होती. पाणी थेंबही वाया जात नाही, मणी सगळे क्षार शोषून घेतात. “पण आपलं पाणी जड आहे,” मासेवाला म्हणाला, “महिन्यात मणी संपतील.”

शेवटी चौथं. आधी गाळणी, मग कोळशाच्या दोन जाड कांड्या, मग क्षार अडवणारा बारीक पडदा, आणि सगळ्यांत शेवटी तीच मण्यांची नळी. पडद्याने निम्म्याहून जास्त काम केलं की मणी वर्षभर पुरतात. सासरे खूश दिसले, तोवर मासेवाल्याने सांगितलं, “एक बादली चांगली निघते तेव्हा तीन बादल्या सोडून द्याव्या लागतात.”

सासऱ्यांनी यंत्र खाली ठेवलं. हा माणूस टपकणाऱ्या नळाखाली वाटी धरून, वर्षाला किती पाणी गेलं ते मालकाला कागदावर लिहून देणारा. तीन बादल्या गटारात सोडणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. जावयाला म्हातारीची करडी कड आठवली.

“बाबा, ते पाणी खराब असतं का?”

“खराब कशाला? जरा जास्त जड, इतकंच.”

“मग फरशी, कपडे, संडास, झाडं. पिंपं आहेतच की दोन. मी भरीन.”

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. “तुम्ही पिंपांना हात लावणार?”

“जाळी बांधून.”

मासेवाला हसला, मग सासरेही. जलद पडदा घ्यायचा की सावकाश, यावर अर्धा तास गेला. सासऱ्यांनी सावकाश घेतला. अमोनियाला धरून बसलेला क्लोरिन सोडवायला कोळशाला सवड लागते, घाईचं पाणी तसंच पुढे निसटतं.

यंत्र मागच्या पडवीत बसलं. सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. “वीस वर्षं मी मागत होते. आणि हिने एकदा तोंड मिटलं काय, लगेच हजर.”

“हे पिण्याचं नाही,” सासरे म्हणाले.

“कळलं. या घरात शुद्ध पाणी पिण्याचा मान माणसांना नाही. आता कपडे कधी धुवायचे तेही तीच ठरवणार.”

ठरवलंच. पुढचे कित्येक महिने घरात फरशी इतकी पुसली गेली की पाहुणे दारातच घसरायचे.

पहिली बादली भरली तेव्हा सासऱ्यांनी दोन्ही गोळ्या टाकल्या. पाणी कोरं राहिलं. तरी दर आठवड्याला एक बाटली प्रयोगशाळेत जायची. केमिस्टबाई तपासून द्यायच्या, एक पैसा घेत नसत. एकदा एवढंच म्हणाल्या, “साहेब, ती सावरली तर पेरभर तुकडा मला द्या. खिडकीत छोटी पेटी ठेवीन.” सासरे म्हणाले, “दिला.”

अकराव्या दिवशी मेणाची चादर सुटून पाण्यात तरंगू लागली. करड्या डागाचा तुकडा गळून गेला. तेराव्या दिवशी जावई चहा घेऊन पेटीसमोर आला आणि तसाच उभा राहिला. सगळी नाहीत, पण उजवीकडची बोटं बाहेर होती. त्याने सासऱ्यांना हाक मारली. ते टॉवेल खांद्यावर तसाच घेऊन आले, खुर्ची ओढून बसले, आणि आंघोळीचं पाणी गार झालं तरी उठले नाहीत. पेल्यातलं पाणी प्याले, नेहमीसारखं, नळाचं.

याला आता सात वर्षं झाली. जावई नवा राहिला नाही. पिंपांचा कारभार त्याच्याकडेच आहे. म्हातारी पूर्वीपेक्षा रुंद आहे, केमिस्टबाईंना कबूल केलेला तुकडा कापायला हवी तेवढी. सासऱ्यांचा हात थरथरतो म्हणून पातंही जावयाच्या हाती आलंय. दोनदा त्याने बाही वर करून हात पाण्यात घातला. दोन्ही वेळा मागून आवाज आला, “या आठवड्यात नको. आत्ता कुठे पूर्ण उघडलीय.”

मागच्या महिन्यात केमिस्टबाईंचा फोन आला. त्यांची बदली होतेय. पेटी मात्र त्यांनी घेऊन ठेवली आहे, खिडकीत, पाणी भरून.

“पुढच्या आठवड्यात नक्की,” सासरे फोनवर म्हणाले, आणि जावयाकडे न बघता फोन ठेवला.