कोपरात उसवलेली बाही

जानेफळात कोणाला लग्नाच्या तारखेआधी ब्लाऊज हवा असेल, तर त्यानं तो धम्मरत्न सरकटेकडं टाकू नये, हे सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यालाही आधी सांगून ठेवतात. माणूस वाईट नाही. शिलाई तर अशी, की मेहकरच्या बाया बसनं कापड घेऊन येतात. पण दुपारचे चार वाजले की मास्तर मशीनवरचं काम आहे तिथं सोडतो आणि गळ्यातल्या टेपसकट शाळेमागच्या मैदानावर निघतो. गिऱ्हाइकांची बोलणी खायला मागं त्याची बायको पुष्पाबाई उरते.

"मास्तर कुठी गेले?" असं कोणी नवख्यानं विचारलं तर ती फॉल लावता लावता म्हणते, "दुसऱ्या घरी." नवखं माणूस गडबडतं. मग ती सुई दातात धरून हसते.

त्या दुसऱ्या घरात वीसेक पोट्टेपोट्टी आहेत. मास्तर त्यांना क्रिकेट शिकवतो, फुकट. खेळपट्टी रोज स्वतः मोजतो, कारण रातभर गाढवं लोळून रेघा पुसतात. तेरा टेप आणि वर एक फूट. फलंदाजी शिकवायची तर पायमोज्यात चेंडू घालून तो बाभळीला टांगतो आणि एकेकाकडून शंभर वेळा टोलवून घेतो. "बॅट कात्रीसारखी सरळ येऊ दे बे, कुऱ्हाडीसारखी काऊन घालून राह्यला?" हे वाक्य गावात इतकं ऐकलेलं आहे, की लाकडं फोडणारेही एकमेकांना तेच सुनावतात.

आणि गोलंदाजी? ती गोफणीवर. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, माळ्यावर बसून पाखरं राखायचं काम उरलं नाही. पण मास्तरच्या मैदानावर गोफण शिल्लक राहिली. नवीन पोराला चेंडू हातात मिळायच्या आधी महिनाभर गोफण फिरवावी लागते. दगड सुटताना हाताला जो झटका बसतो, तोच चेंडूला द्यायचा, असा मास्तरचा धडा. हा धडा त्याला कोणी दिला नव्हता. लहानपणी बापासोबत दुसऱ्याच्या वावरातली पाखरं हाकलता हाकलता तो हातात मुरला होता.

त्या हातानं मास्तरनं ऐन विशीत नाव काढलं. आजूबाजूच्या गावांत त्याच्यासमोर उभं राहायला पोरं कचरायची. मग मेहकरला मोठे सामने झाले. तिथं पंचानं त्याच्या दोन षटकांत सात नो-बॉल दिले. चेंडू टाकत नाही, फेकतो, असं म्हणाला. मास्तरनं टोपी जमिनीवर आपटली आणि पायी निघाला. गावात येऊन सांगितलं, की पंच समोरच्या टीमच्या कप्तानाचा मावसा होता.

मावसा होता की नव्हता, हे कोणी तपासलं नाही. गावाला तेवढं पुरलं. तीस वर्षं झाली, पारावर त्या पंचाला शिव्या घातल्याशिवाय क्रिकेटची गोष्ट संपत नाही. त्या माणसाची उंची दर वर्षी कमी होते आणि पोट वाढतं. मास्तर अशा वेळी मान खाली घालून चहा पितो. लोक म्हणतात, केवढा मोठ्या मनाचा माणूस.

या मास्तरच्या हाताखाली अपेक्षा तयार झाली. भाजीवाल्या अविनाशची पोरगी, वय तेरा. वांग्याचं कॅरेट एकटी उचलते आणि चेंडू असा सोडते, की यष्टिरक्षक पोट्टा दोन जोड हातमोजे घालून उभा राहतो. पंधरा वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची निवड बुलढाण्याला ठरली, तेव्हा गावानं तिला मनातल्या मनात निवडूनही टाकलं. मास्तरनं तिच्यासाठी लांब बाह्यांचा पांढरा सदरा शिवला. आणि हा मात्र वेळेवर शिवला, हे पुष्पाबाईनं चार घरी जाऊन सांगितलं.

सदरा आठ दिवसांत उसवून आला. उजव्या कोपराशी. मास्तरनं दुहेरी टीप घातली. पुन्हा तिथंच. कापडाला नावं ठेवली, ठिगळ लावलं. निवडीला अठरा दिवस उरले असताना अपेक्षा तिसऱ्यांदा सदरा घेऊन आली.

"सर, तुमचा दोराच कच्चा हाये."

"हाव, ठेव," मास्तर म्हणाला.

ती गेली. त्यानं सदरा टेबलावर पसरला आणि बाहीवर हात ठेवून बसून राहिला. टेलरच्या डोळ्याला कापड खोटं सांगत नाही. हात सरळ ठेवून खांद्यातून गोल फिरवला तर ताण काखेत येतो, बाही तिथं उसवते. कोपर वाकवून झटक्यानं सरळ केलं तर कोपराशी. वाकलेला हात असा सरळ करून सोडलेला चेंडू म्हणजेच फेकलेला चेंडू, नो-बॉल. आणि मास्तरला त्याची आई झुंबरबाई आठवली. ती त्याच्या शर्टांना कायम उजव्या कोपरावर ठिगळं लावायची. तिनं क्रिकेट जन्मात पाहिलं नव्हतं. ती विचारायची, "तू खेळतो का गोटे फेकतो रे?"

त्या दिवशी चार वाजले तरी मास्तर उठला नाही. पुष्पाबाईनं आधी घड्याळाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"ताप आला का?"

"त्या पंचाचं बरोबर होतं," मास्तर म्हणाला.

कोणता पंच, हे तिला विचारावं लागलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, घरात तो एकच पंच होता. तिनं हातातला ब्लाऊज बाजूला ठेवला.

"तुमाले आज समजलं?"

"तवाच समजलं होतं," मास्तर म्हणाला. "सातपैकी दोन-तीन तं मलेच जाणवले. पन पोट्टीचा हात तसाच झाला, हे आज दिसलं. मीच केला."

"मंग सांगा तिले."

"अठरा दिवस हायेत. सरळ हातानं तिचा अर्धा जोर जाईन. नाई सांगतलं तर निवड होईन अन् पुढं कुठीतरी, मोठ्या मैदानावर, हजार लोकांत कोणी तरी पंच हात आडवा करीन. मंग ते पोट्टी घरी येऊन काय सांगन?"

"तेच जे तुमी सांगतलं," पुष्पाबाई म्हणाली आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तर मैदानावर गेला, पोरांना गोल बसवलं. अपेक्षा पुढंच होती. त्यानं तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर चाललं असतं. पण बाकीच्या वीस हातांतही तोच झटका होता. त्यानं पहिल्यांदा मेहकरचं सांगितलं. पंच कोणाचा मावसा नव्हता, तो आपण घरी येताना रस्त्यात बनवला, हेही सांगितलं. पोट्टे हसले, मग मास्तर हसत नाही म्हणून थांबले. मग त्यानं अपेक्षाचा हात धरून, कोपर कुठं वाकतं ते दाखवलं.

अपेक्षानं हात सोडवून घेतला. "तुमाले मालूम होतं, तरी शिकवलं?"

"मायाबद्दल मालूम होतं. हे तुयापर्यंत पोचलं, हे मालूम नव्हतं."

"मी आता काय करू?"

"सरळ हातानं टाक. मी संगं हाये."

"तुमी संगं राहून काय होते?" ती म्हणाली. पण चेंडू उचलला.

गोष्ट संध्याकाळच्या आत पारावर गेली. तीस वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो निर्दोष निघाला, याचा मास्तरपेक्षा पाराला जास्त राग आला. पारावर रोज बसणारे उकंडराव म्हणाले, "येवढे दिवस आमी फुकटच तोंड वाया घालवलं." आता शिव्या मास्तरला मिळायला लागल्या, तोंडावर आणि हसत हसत. त्यानं मान खाली घालून चहा प्यायला. आता मात्र त्याला कोणी मोठ्या मनाचा म्हटलं नाही.

सतरा दिवस अपेक्षा सरळ हातानं झगडली. चेंडू कधी डोक्यावरून, कधी पायापाशी. जोर खरंच अर्धा राहिला. बुलढाण्याला तिला दोन षटकं मिळाली. चेंडू जागेवर पडले, पण समोरच्या मुलीनं सावकाश उचलून मारले. निवड करणारे म्हणाले, "टप्पा छान आहे, वेग कमी पडतो. पुढच्या वर्षी ये." तिच्यानंतर आलेल्या एका मुलीचा हात कोपरात स्पष्ट वाकत होता. चेंडू मात्र गोळीसारखा. तिचं नाव यादीत लागलं. कोणी हात आडवा केला नाही.

अपेक्षानं ते पाहिलं. अपेक्षानं पाहिलं, हे मास्तरनं पाहिलं. परतीच्या बसनं चिखली सोडली.

"जुन्या हातानं टाकला असता तं?" तिनं खिडकीबाहेर पाहत विचारलं.

खोटं बोलायला जागा होती, आणि मास्तरला खोटं बोलायचा जुना सराव होता. "तं तू आज टीममधी असती," तो म्हणाला.

ती जानेफळला उतरली आणि बापाच्या गाडीवर बसून गेली.

नऊ दिवस ती मैदानावर आली नाही. अविनाशनं सांगितलं, घरी रुसली नाही, रडली नाही, सकाळी भाजी तोडायला येते, बस. मास्तर बाकीच्यांना सरळ हात शिकवत राहिला. गोफणी त्यानं गोळा करून ज्याच्या त्याला परत दिल्या. त्या दिवसांत दुकानातली सगळी कामं तारखेआधी झाली आणि गिऱ्हाइकं काळजीत पडली. पुष्पाबाईला दोघींनी हळूच विचारलं, मास्तरची तब्येत बरी आहे ना.

दहाव्या दिवशी अपेक्षा आली. नमस्कार केला नाही, चेंडूच्या पिशवीत हात घालून उभी राहिली.

"जोर याले साल लागन, नाई?" ती म्हणाली.

"दोनही लागतीन."

"तवापर्यंत फिरकी शिकवा. तिले जोर लागत नाई."

पोट्टे ऐकत होते. मास्तरनं बोटं चेंडूवर ठेवून पाहिली, उचलली, पुन्हा ठेवली.

"मले फिरकी येत नाई," तो म्हणाला.

अपेक्षानं त्याच्याकडं पाहिलं. बसमधून उतरल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मंग हे बोटं कशी ठेवायची, ते कोनाले इचारायचं?"

"पिंपळगाव राजाले संघपाल नावाचा एक फिरकीवाला हाये, चांगला टाकते म्हन्तात. रविवारी जाऊ. तो शिकवन तुले, अन् मीही शिकीन."

"अन् आज?"

"आज चुकू."

तिनं दोन बोटांत चेंडू धरला, चार पावलं चालत आली, हात सरळ ठेवून मनगट वळवलं. चेंडू यष्ट्यांपासून दोन हात लांब, थेट बाभळीच्या बुंध्याशी गेला. कोणी हसायची हिंमत केली नाही. मग तीच हसली, आणि चेंडू आणायला मास्तर निघाला.