सकाळची लढाई, दुपारची लढाई

नदीकाठच्या पडक्या बुरुजावर लोकांना लढाई सांगणं हा छत्रीवाल्या मावशींचा धंदा, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चारशे वर्षांपूर्वी दोन राजे इथे भिडले आणि दोघांनीही घरी कळवलं, आम्हीच जिंकलो. झालं! तेव्हापासून अलीकडच्या गावातली पोरं शाळेत एक शिकतात, पलीकडची दुसरंच. मावशींनी उगाच कुणाशी वाकडं घेतलं नाही. सकाळी गावातली माणसं येत, तेव्हा छत्रीचं टोक नदीकडे, शत्रू तिकडे पळाला. दुपारच्या बोटीनं पलीकडचे येत, तेव्हा छत्री गावाकडे. ऐकणारे खूश, मावशीही खूश.

लेकीनं मात्र पलीकडचाच मुलगा पसंत केला, नि त्याचे वडील निघाले इतिहासाचे निवृत्त मास्तर. आली का पंचाईत! असल्या खोटारड्या गावाशी सोयरीक नको म्हणून ते हटून बसले. मग एका दुपारी बुरुजावर येऊन गुपचूप ऐकून गेले आणि एकदम विरघळले. त्या काठावर एक तरी खरं बोलणारी बाई आहे म्हणाले आणि बोलणी करायला यायचं कबूल केलं. लेक आनंदानं रडली. तिला तसं पाहून मावशींनाही भरून आलं.

ठरल्या दिवशी मास्तर यायचे होते संध्याकाळी. उत्साहाच्या भरात आले सकाळच्याच बोटीनं, नि थेट बुरुजावर. मावशी ऐन रंगात होत्या. छत्री नदीवर रोखून "शेपूट घालून पळाले" म्हणाल्या आणि लेकीनं फोटोत दाखवलेला चेहरा समोर गर्दीत दिसला. पोरीचं लग्न आपल्या जिभेनं मोडलं, असंच त्यांना वाटलं. सारवासारव करणं त्यांच्या डाव्या हातचा मळ, पण लेकीच्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत थाप मारायची लाज वाटली. त्यांनी छत्री खाली घेतली.

"खरं सांगू? कोण पळालं ते मला ठाऊक नाही. सकाळी ते पळतात, दुपारी आपण पळतो. माझ्या पोटासाठी रोज पळतात बिचारे."

गावकरी कुरकुरले, एकानं तर तक्रार करायचा दम भरला. मास्तरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. जन्मभर वर्गात त्यांनीही दुपारचीच लढाई शिकवली होती. मग गर्दीतून वाट काढत ते पुढे आले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "मग लग्न सकाळी ठेवायचं की दुपारी?"