मामांच्या पाठीआडचं पॅनल

हे सगळं शिकायला बळ कुठून आलं असं कुणी विचारलं, तर मी खरं तेच सांगते. रागातून आलं. लोकांना हे उत्तर आवडत नाही, त्यांना जिद्द, चिकाटी असलं काहीतरी ऐकायचं असतं. चाकणच्या आमच्या कंपनीने एकदा आम्हाला कँटीनमध्ये बसवून कोट घातलेल्या एका गृहस्थाचं भाषण ऐकवलं होतं. त्याने प्रत्येकीच्या हातात एक फुगा दिला आणि म्हणाला, डोळे मिटा, तुमचं स्वप्न या फुग्यात भरा. बायका बिचाऱ्या गाल फुगवून स्वप्नं भरत बसल्या. मी फुगा तसाच पर्समध्ये टाकला आणि घरी आल्यावर शेजारणीच्या बाळाला दिला. मला स्वप्न वगैरे काही नव्हतं. मला फक्त मशीनचं पॅनल बघायचं होतं आणि ते मला कुणी बघू देत नव्हतं.

मशीन म्हणजे काचेच्या दाराचं, आमच्या स्वयंपाकघराएवढं धूड. आत एक लोखंडी बैठक असते, तिला फिक्स्चर म्हणतात. त्यावर गाडीचा ॲल्युमिनियमचा एक भाग बसवायचा, त्याला जॉब म्हणतात. जॉब बसवा, आवळा, दार लावा, हिरवं बटण दाबा. मशीन आपोआप भोकं पाडतं. झालं की दार उघडा, जॉब काढा, दुसरा बसवा. हे ऑपरेटरचं काम, म्हणजे माझं. पण नव्या प्रकारचा जॉब आला की मशीनला आधी सांगावं लागतं की जॉब नेमका कुठे बसलाय आणि कुठलं हत्यार किती लांब आहे. हे आकडे पॅनलच्या स्क्रीनवर भरणं म्हणजे मशीन लावणं, आणि ते करणारा तो सेटर. सेटर कंपनीच्या रोलवर, म्हणजे कायम नोकरीत असतो, त्याला मान असतो. ऑपरेटर कॉन्ट्रॅक्टवर असते आणि काही महिने झाले की तिला ‘ब्रेक’ देतात. ब्रेक म्हणजे घरी बसा, गरज लागली तर बोलावू.

आमच्या लाइनचे सेटर म्हणजे मामा. तिकडच्याच एका गावातले, जुन्या शेतकरी घरातले, निवृत्तीला आलेले. माणूस वाईट नव्हता, डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायचा. पण मशीन लावायची वेळ आली की पॅनलकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ. ती पाठ दरवाज्याएवढी रुंद. मी बाजूने डोकावले तर म्हणायचे, “जा गं, कापड आण जरा.” कापड घेऊन येईपर्यंत आकडे भरून झालेले आणि स्क्रीन बदललेली. या पट्ट्यात सगळीकडे हीच रीत. हातातली कला दुसऱ्याला दिली की आपली किंमत गेली, असं प्रत्येक सेटरला वाटतं.

एकदा मी तोंडावरच विचारलं, “मामा, दाखवलंत तर तुमचं काय जाईल?”

ते चिडले नाहीत. म्हणाले, “मला तरी कुनी दावलं? माझा उस्ताद मला पानपट्टीवर धाडायचा. आमी चोरूनच शिकलो. तुला शिकायचं आसंल तर तूबी चोर.”

बरं, म्हटलं. चोरते.

माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या सगळ्या आयुष्यात त्यांनी जड वस्तू उचलल्या आणि दुसऱ्यांना हत्यारं नेऊन दिली. घरी कधी तक्रार केली नाही त्यांनी. त्यांच्या वाटणीची तक्रार बहुतेक माझ्यात उतरली आहे. आमच्या वस्तीतल्या माझ्या बरोबरीच्या मुली शिकून बँकेत, शाळेत, हिंजवडीच्या ऑफिसात गेल्या. मी दहावीनंतर लग्न करून पिंपळे गुरवला आले आणि हिरवं बटण दाबत बसले. निवृत्तीच्या दिवशी माझ्याही हातात नारळ देऊन ‘चांगली ऑपरेटर होती’ म्हणणार, या विचारानेच माझं डोकं फिरायचं.

मोबाइल मशीनजवळ न्यायला बंदी, लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. म्हणून माझी शाळा कंपनीच्या बसमध्ये भरायची. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतचा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. भोसरीला अडकलो की मोशीला अडकायचो, मोशीतून सुटलो की पुढे कुठेतरी कंटेनर आडवा. अख्खी बस त्या ट्रॅफिकला शिव्या घालायची. मी मात्र कानात वायर घालून हिंदी व्हिडिओ बघायची. एक दाढीवाला माणूस ‘दोस्तों’ म्हणत मशीन लावायला शिकवायचा आणि त्याचं मशीन आमच्यापेक्षा वेगळं निघायचं. मग दुसरा व्हिडिओ. बायका म्हणायच्या, “काय गं, सिरियल बघतेस का?” मी मान डोलवायची. कुणाला पत्ता लागू दिला नाही, कारण हसणारी तोंडं मला नको होती.

सगळ्यात अडलं कुठे, तर उण्या आकड्यांवर. मशीनमध्ये सगळा कारभार उण्यात चालतो. उणे जास्त म्हणजे खाली की वर, हेच मला कळेना. शाळेत हे शिकवलं असणार, पण तेव्हा कुठे लक्ष होतं! शेवटी ते समजलं पुनावळ्याला, नणंदेच्या नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. तिथे पार्किंगचे दोन मजले जमिनीखाली आहेत आणि बटणांवर उणे एक, उणे दोन असं लिहिलंय. मी खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. वॉचमन विचारायला लागला, “ताई, कुणाकडे जायचंय?” त्याला काय सांगणार, कप्पाळ! पण त्या दिवसापासून उण्या आकड्यांची भीती गेली ती गेलीच.

नवऱ्याला एवढंच कळलं होतं की बायको हल्ली मोबाइलवर बोटं आपटत असते. मशीनचं खोटं पॅनल दाखवणारं एक ॲप मी घेतलं होतं. तो म्हणायचा, “इंजिनिअर होणार का आता?” मी म्हणायची, “हो, आणि तुला कामावर ठेवणार नाही.”

मग मामांची निवृत्ती जवळ आली. दिवाळीनंतर ते जाणार होते. सुपरवायझर साहेब बाहेरून सेटर शोधत होते. मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “मामांच्या जागेसाठी माझी ट्रायल घ्या.” साहेब माझ्यापेक्षा तरुण, बोलायला गोड. आधी हसले, मग मी हसत नाही हे पाहून गंभीर झाले. म्हणाले, “ताई, दसऱ्यानंतर नवा जॉब येतोय. तो तुम्ही एकटीने लावा. पहिला तुकडा पास झाला तर मामांची जागा तुमची. नाही झाला तर तुमचा ब्रेक तसाही आलाच आहे.” म्हणजे जमलं तर रोलवर, नाहीतर घरी. मी म्हटलं, चालेल.

खंडेनवमीला कंपनीत मशीनांची पूजा असते. आमच्या घरात पूजाबिजा नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. दरवर्षी मी मशीन घासूनपुसून लखलखीत करायची आणि पूजेच्या वेळी मागे उभी राहायची. त्या वर्षी मामा मोठ्याने म्हणाले, “आता मशीन तुझं हाय ना? मग तूच कर पूजा.” टोमणा होता तो, सगळे हसले. पण ‘मशीन तुझं’ हे शब्द मला असे काही लागले की मी पुढे झाले आणि ताट हातात घेतलं. बाकीच्यांनी आपापल्या मशीनच्या दाराला हार घातला, पॅनलवर कुंकू लावलं. मला वाटलं, मशीनचा जीव तर आत आहे. मी दार उघडलं आणि आतल्या फिक्स्चरवर हळदकुंकू वाहिलं, ओंजळभर अक्षता टाकल्या. अगदी मनापासून. त्या क्षणी मला त्या लोखंडाचा लळा लागला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सुट्टी संपली आणि ट्रायलचा दिवस उजाडला. मी एअरगनने फिक्स्चरवर हवा मारली, फुलं, तांदूळ सगळं उडवलं. व्हिडिओत तसंच करतात. जॉब बसवला. हत्यारांची लांबी घेतली, आकडे भरले, पुन्हा तपासले. मामा हाताची घडी घालून मागे उभे. हिरवं बटण दाबलं. पहिला तुकडा तपासणीच्या टेबलावर गेला आणि परत आला. भोक तिरकं होतं. रिजेक्ट.

“झालं,” मामा म्हणाले. “मोबाइलवर शिकून मशीन लागतंय व्हय?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “ताई, प्रयत्न चांगला होता. मामा, तुम्ही लावा आता.”

मी पॅनलसमोरून हलले नाही. म्हणाले, “माझे आकडे बरोबर आहेत.”

“अहो, तुकडा समोर आहे ना!”

“तुकडा चूक आहे. आकडे बरोबर आहेत. मला बघू द्या.” माझा आवाज एवढा चढला की पलीकडच्या लाइनवरची माणसं मान वळवून बघायला लागली. बघेनात का!

मला एवढं समजत होतं की आकडा चुकला असता तर भोक सरकलं असतं, तिरकं झालं नसतं. तिरकं झालं म्हणजे जॉबच तिरका बसला होता. मी दुसरा तुकडा बसवला आणि त्याच्या पाठीवर उंचसखलपणा दाखवणारा डायल फिरवला. एक कोपरा वर उचललेला. जॉब काढला, त्या कोपऱ्याखालच्या बैठकीवर बोट फिरवलं. काहीतरी टोचलं. नखाने खरवडलं तर एक तांदळाचा दाणा निघाला, लालबुंद. ओल्या कुंकवात बसून सुट्टीत वाळून चिकटला होता. हवेने तो हलणार नव्हताच.

मामांनी दाणा बघितला आणि कपाळावर हात मारला. “आगं, आत कशाला टाकल्या अक्षता? पूजा भाईरनं करत्यात. आन् पूजेच्या दुसऱ्या दिशी आधी बोट फिरवत्यात बैठकीवर. एवढंबी ठावं न्हाई?”

“कुणी सांगितलं होतं?” मी म्हणाले. “तो दाढीवाला त्याच्या मशीनची पूजा करत नाही. मला हे सांगणारे एकटे तुम्ही होतात. तुम्ही मला कापड आणायला पाठवत होतात.”

मी बैठक पुसली, आकड्यांना हात न लावता तुकडा चालवला. तो पास झाला. त्यानंतरचेही पास झाले.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. “ताई, मानलं तुम्हाला. पण बाईमाणूस सेटर म्हणून रोलवर घ्यायचं तर वरच्यांना समजवावं लागेल. सध्या ऑपरेटर म्हणूनच राहा. ब्रेक मी थांबवतो. मशीन मात्र तुम्हीच लावत जा. पुढचं पुढे बघू.”

क्षणभर मोह झाला. ब्रेक टळत होता. घरी कळलं असतं तर वडील म्हणाले असते, बाई, होतं ते सोडू नकोस. पण त्यांचं असंच ‘पुढचं पुढे बघू’ करत आयुष्य गेलं होतं. मी चहाला हात लावला नाही. म्हणाले, “तुकडा पास झाला तर जागा माझी, असं तुम्ही म्हणाला होतात. कार्डावर सेटर लिहा, मी आत्ता जाऊन पुढचा जॉब लावते. ऑपरेटर लिहिणार असाल तर मी फक्त हिरवं बटण दाबणार.”

“एवढा हट्ट बरा नव्हे, ताई.”

“असू दे.”

महिना संपायच्या आत मला ब्रेक मिळाला. मैत्रिणी म्हणाल्या, मूर्ख आहेस. नवरा दोन दिवस नीट बोलला नाही, मग स्वतःच मला गाडीवर बसवून भोसरीतल्या वर्कशॉपांच्या दारोदार घेऊन हिंडला. एका लहान वर्कशॉपच्या मालकाने ट्रायल घेतली. मी आधी बैठकीवर बोट फिरवलं, मग मशीन लावलं. त्याने दुसऱ्याच दिवशी सेटर म्हणून कार्ड हातात दिलं. पत्र्याचं शेड आहे, उन्हाळ्यात भाजून निघतं, चाकणसारखं गारेगार नाही. पण इथे मशीन लावताना मी कुणाकडे पाठ करत नाही, आणि ‘कापड आण’ म्हणून कुणाला पिटाळतही नाही. ज्याला बघायचंय त्याने बघावं.

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत साहेबांचा फोन आला. आवाज तसाच गोड. “ताई, कशा आहात? तुमच्यासाठी जागा काढलीय.”

“कसली?”

“सध्या ऑपरेटर. पण या वेळेस मी नक्की बघतो वर.”

“मामांच्या जागी कोण आहे?”

“एक जण आला होता, टिकला नाही. दुसऱ्याला तो जॉब लागत नाहीये. मशीन बंदच आहे सध्या.”

मी डबा बंद केला. म्हणाले, “मग राहू द्या बंद.”