भातातला केस

माक्याच्या तेलाचा वास आला की कापडे गावातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. वहिनी ते तेल रोज चोळायची, तरी तिचे केस मूठमूठ गळत होते. त्या दिवशी पाहुण्या मामांच्या भातात लांब केस निघाला आणि आई सगळ्यांदेखत ओरडली, "झोपून झोपून टक्कल पडलं हिला! चुलीजवळ येऊ नको गो आता." वहिनी हळूच म्हणाली, "आई, अंगात ताकदच नाय." मी खाली मान घालून जेवत राहिले. पुढे महाडला रक्त तपासलं तेव्हा तिला थायरॉईड निघाला, गोळ्यांनी केसही परत आले, पण तिची माफी कुणीच मागितली नाही. गेल्या वर्षी मलाही तोच आजार निघाला. आई माझ्या विरळ डोक्यावरून हात फिरवत रडली. वहिनी दारात उभी होती आणि मला तिच्याकडे बघवेना.