ताटं आणि डबा

आमचे सर निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेला अपक्ष उभे राहिले तेव्हा जवळ पैसा नव्हता, म्हणून आम्ही पालमच्या आसपासच्या खेड्यांतून लोकवर्गणी मागत प्रचार करायचो. वर्गणीचा पत्र्याचा डबा माझ्याकडे असायचा.

लोक देत नव्हते असं नाही. दहाची, वीसची नोट टाकायचेच. पण लगेच घरातली बाई सरांना ओवाळायला ताट घेऊन यायची, आणि ओवाळल्यावर ताटात काहीतरी टाकावंच लागतं. उमेदवारानं तर जरा जास्तच. गावात शिरताना जड असलेला डबा गाव सोडताना हलका व्हायचा. माझं डोकं फिरायचं. "ओवाळू नका हो, नुसतं मत द्या," म्हटलं की बाया दुखावायच्या. "आसं कसं? दारात आलेल्या माणसाला तसंच धाडावं का?" वर सर मलाच दटावायचे.

शेवटच्या आठवड्यात जीपच्या डिझेललाही पैसे उरले नाहीत. सोबतची माणसं एकेक करून गळाली. मी आणि सर चालतच एका वस्तीवर गेलो. पहिल्याच घरातल्या म्हातारीनं हळदीच्या बोटांनी दहाची नोट डब्यात टाकली आणि आतून ताट आणलं. सरांनी कुंकू लावून घेतलं आणि नेहमीसारखा माझ्यापुढे हात केला. डब्यात तिचीच नोट तेवढी होती. पिवळ्या ठशासकट तीच मी सरांना दिली, त्यांनी ती ताटात ठेवली.

म्हातारीनं ती ओळखली की नाही, देव जाणे. तिनं हरखून शेजारणीला हाक मारली, "ये की गं, ताट घिऊन ये, सर आलेत!"